ट्रेकिंग पोल निवडताना किमान लांबी आधी पाहा

वाचकाचे पत्र

माझे वय ५४ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर. यजमानांची उंची १७८ सेंटिमीटर. आजवर आम्ही एका दिवसाच्या भटकंत्या केल्या. आता पाच दिवसांचा, तंबू आणि शिधा स्वतःच्या पाठीवर घेऊन करायचा ट्रेक ठरवला आहे. सॅक अकरा-बारा किलोंची होईल असे दिसते. उतरताना माझे गुडघे दुखतात, म्हणून मागच्या खेपेस यजमानांचे ट्रेकिंग पोल, म्हणजे चालताना आधाराला टेकवायच्या काठ्या, वापरून पाहिले. ते घडीचे आहेत, पण त्यांची लांबी बदलता येत नाही. ती १२० सेंटिमीटरच राहते. गुडघ्यांना आराम वाटला खरा, मात्र संध्याकाळपर्यंत खांदे आणि मान भरून आली आणि तळहातही दुखू लागले. आता स्वतःसाठी पोल घ्यायचे आहेत. लांबी किती असावी? कार्बनचे घ्यावेत की अ‍ॅल्युमिनियमचे? स्प्रिंग असलेले चांगले का? एक पोल पुरेल की दोन हवेतच? आणि दोघांत मिळून एकच जोडी चालेल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खांद्यांच्या दुखण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे, म्हणून आधी तेच पाहू. सपाट जमिनीवर पोलचे टोक पावलाशेजारी टेकवून मूठ धरली असता कोपर साधारण काटकोनात यावे, हा लांबीचा पहिला नियम आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही लांबी १०५ सेंटिमीटरच्या आसपास येते. तुम्ही वापरलेले पोल त्याहून १५ सेंटिमीटरने लांब होते. एवढा लांब पोल टेकवायचा म्हणजे हात दर वेळी छातीपर्यंत उचलावा लागतो आणि हाताबरोबर खांदाही वर ओढला जातो. खांदा आणि मान यांमधले स्नायू असे तासन्‌तास आखडलेले राहिले की संध्याकाळी ते भरून येणारच. चढावर तर परिस्थिती याहून वाईट झाली असेल, कारण चढताना टोक आधीच उंच जमिनीवर पडते आणि तिथे तुम्हाला ९५ ते १०० सेंटिमीटरचा पोल हवा होता. उलट उतारावर टोक खाली पडते, त्यामुळे तिथे तो जादा लांबपणा बराचसा खपून गेला आणि गुडघ्यांना आराम मिळाला. एकाच पोलने एकाच दिवसात गुडघ्यांना सुख आणि खांद्यांना त्रास दिला, तो यामुळे.

म्हणून ‘लांबी किती असावी’ या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देणे मला पटत नाही. तुम्हाला लांबीचा एक पल्ला हवा आहे: चढासाठीची सर्वांत आखूड लांबी, उतारासाठीची सर्वांत जास्त लांबी आणि या दोन्ही ज्याच्या आत सहज बसतील असा पोल. पोल विकत घेताना बहुतेक जण तो जास्तीत जास्त किती लांब होतो हे पाहतात. उंच माणसाने ते पाहणे योग्यच आहे. पण ज्यांची उंची १६० सेंटिमीटरच्या आत आहे त्यांनी आधी तो कमीत कमी किती आखूड होतो हे पाहिले पाहिजे. लांबी बदलता येणारे अनेक पोल १०० किंवा ११० सेंटिमीटरच्या खाली वापरताच येत नाहीत. असा पोल तुम्ही घेतलात, तर तो उतारावर उत्तम चालेल, सपाटीवर जेमतेम चालेल आणि चढावर पुन्हा तोच त्रास देईल.

आता मोजमाप. उंचीला ०.६८ ने गुणले की सपाटीवरच्या लांबीचा अंदाज येतो. तुमच्या बाबतीत ती साधारण १०५ येते, तर यजमानांच्या बाबतीत १२१. विक्रेत्यांकडे जो ढोबळ तक्ता असतो त्यात साधारण १५५ सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीला १००, तिथून १७० पर्यंत ११०, पुढे १८० च्या आसपासपर्यंत १२० आणि त्याहून उंच व्यक्तींना १३० सेंटिमीटर लांबी सुचवलेली असते. तुम्ही या तक्त्याच्या पहिल्या दोन ओळींच्या बरोबर सीमेवर आहात, म्हणजे ठरावीक लांबीचा पोल घेतलात तर तो एक तर पाच सेंटिमीटर आखूड पडेल, नाही तर पाच सेंटिमीटर लांब. शिवाय गुणाकार असो वा तक्ता, दोन्ही फक्त उंची विचारात घेतात. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या हातांची आणि धडाची लांबी सारखी नसते. म्हणून आकड्यावर विसंबण्यापूर्वी घरीच एकदा माप घ्या. ट्रेकला वापरणार तेच बूट घाला, सॅकमध्ये नेहमीएवढे वजन भरून ती पाठीवर चढवा, कारण ओझ्याखाली शरीर थोडे पुढे झुकते आणि कोपराची उंची बदलते. मग एखादी सरळ काठी शरीराजवळ उभी धरा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात आणा आणि कुणाला तरी जमिनीपासून तुमच्या मुठीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायला सांगा. पोलची लांबी टोकापासून पोलच्या मुठीच्या माथ्यापर्यंत मोजली जाते, म्हणून या मापात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की तुमची सपाटीवरची लांबी मिळेल. हे माप यजमानांनीच घेतले तर बरे, म्हणजे लगोलग त्यांचेही घेता येईल.

या मूळ लांबीतून मोठ्या चढासाठी ५ ते १० सेंटिमीटर कमी करायचे आणि मोठ्या उतारासाठी तेवढेच वाढवायचे. डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेवर डोंगराकडचा पोल आखूड आणि दरीकडचा लांब ठेवायचा. याचा अर्थ तुमचा कामाचा पल्ला ९५ ते ११५ आणि यजमानांचा सुमारे ११० ते १३० सेंटिमीटरचा झाला. मात्र पोलवरचा शेवटचा आकडाच आपली कमाल लांबी आहे असे होऊ देऊ नका. लांबी बदलता येणारा पोल एकमेकींत सरकणाऱ्या नळ्यांचा असतो आणि सरकणाऱ्या प्रत्येक नळीवर एक थांबण्याची खूण असते. तिच्यापलीकडे नळी ओढली तर दुसऱ्या नळीच्या आत तिचा पुरेसा भाग उरत नाही आणि वजन पडल्यावर पोल नेमका सांध्यात वाकतो किंवा मोडतो. तुमच्यासाठी ९० ते १२० किंवा ९५ ते १२५ असा पल्ला छापलेली जोडी शोधा. काही उत्पादक अशा आखूड जोडीला ‘महिलांसाठी’ म्हणतात, काही ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. तिची मूठ बहुधा थोडी बारीक असते आणि लहान हाताला ती बरी पडते, पण नावाकडे पाहून घेऊ नका. आकडा पाहून आणि मूठ प्रत्यक्ष धरून घ्या.

दोघांत एकच जोडी चालेल का, याचे उत्तरही इथेच मिळते. ९५ पासून १३० पर्यंत जाणारे पोल शोधून मिळतीलही, पण पाच दिवसांच्या ट्रेकमध्ये तुम्ही दोघे एकाच उतारावर एकाच वेळी असणार आणि दोघांच्याही पाठीवर अकरा-बारा किलो असणार. ज्या क्षणी एकाला जोडीची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच क्षणी ती दुसऱ्यालाही असेल. म्हणून तुम्ही स्वतंत्र जोडी घ्या आणि यजमानांनी त्यांची जुनीच वापरावी. १२० सेंटिमीटर हे त्यांच्या सपाटीवरच्या मापाला जवळजवळ जुळते. लांब, तीव्र उतारावर ते पोल त्यांना थोडे आखूड पडतील आणि तिथे त्यांना पाठ वाकवून न उतरता पाऊल लहान टाकून उतरावे लागेल.

लांबी बदलता येते म्हणजे ती दर वळणावर बदलायची असे नाही. वीस पावलांच्या चढासाठी थांबून दोन्ही पोल उघडत बसलात तर चालण्याची लय मोडते आणि थोड्याच वेळात माणूस कंटाळून लांबी बदलणेच सोडून देतो. समोर अर्धा-पाऊण तासाचा चढ किंवा उतार सलग दिसत असेल तरच लांबी बदलावी. मधल्या किरकोळ चढांसाठी मुठीच्या खाली नळीवरच फोमचे आवरण असलेले पोल मिळतात. हात पाच-दहा सेंटिमीटर खाली सरकवून तिथे धरला की काम भागते. उतारावरच्या एखाद्या उंच पायरीला मुठीच्या माथ्यावर तळवा ठेवून पोल दाबला की तेवढीच लांबी वाढल्यासारखी होते. तुमच्या उंचीच्या व्यक्तीसाठी हे खालचे आवरण फार उपयोगी आहे, ते असलेलीच जोडी घ्या.

लांबीनंतर मी सर्वांत जास्त महत्त्व लॉकला, म्हणजे नळ्या ठरवलेल्या लांबीवर धरून ठेवणाऱ्या सोयीला देतो. उतारावर तुम्ही शरीराचे आणि सॅकचे वजन पुढे टाकलेल्या पोलवर सोपवता. त्या वेळी नळी दोन सेंटिमीटर जरी आत सरकली तरी तोल जातो. लॉक तीन तऱ्हांचे असतात. पिळून बसवायच्या लॉकमध्ये नळीच्या आत एक फुगणारा तुकडा असतो. वरची आणि खालची नळी विरुद्ध दिशांना पिळल्या की तो आतून दाबून बसतो. हा प्रकार हलका आणि बाहेरून गुळगुळीत असतो, पण आत पाणी, माती किंवा तेलकटपणा गेला की घसरतो, आणि गारठलेल्या किंवा घामेजल्या हातांनी तो पुरेसा पिळला गेला की नाही हे कळत नाही. दुसरा प्रकार नळीच्या बाहेर बसवलेल्या खटक्याचा. खटका उघडला की नळी सरकते, मिटला की नळीभोवतीचे कडे आवळते. तो मिटला आहे की उघडा हे नुसते पाहून कळते, हातमोजे घालूनही चालवता येतो आणि ढिला पडला तर शेजारचा छोटा स्क्रू थोडा आवळून पुन्हा कडक करता येतो. तिसरा प्रकार घडीच्या पोलांमध्ये असतो: आतून जाणारी दोरी ताणली जाते आणि एक बटण बाहेर येऊन सांधा धरते. ते बटण पोल उघडा ठेवण्यासाठी असते. लांबी बदलण्यासाठी अशा पोललाही वेगळा खटका लागतो आणि तो सगळ्यांना नसतो. यजमानांच्या पोलला तो नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

तुम्हाला मी बाहेरच्या खटक्याचीच जोडी घ्यायला सांगेन. ती घेण्यापूर्वी अशी तपासा. पोल १०५ वर बसवा, खटके मिटवा, रबरी बूच चढवलेले टोक जमिनीवर ठेवा, दोन्ही तळवे मुठीच्या माथ्यावर ठेवा आणि सावकाश शरीराचे वजन खाली सोडा. नळीवरचा आकडा जागचा हलता कामा नये. हलला तर स्क्रू पाव फेरा आवळून पुन्हा पाहा. मग खटका एका अंगठ्याने उघडून पाहा. बोटांचा जोर लावूनही तो उघडत नसेल, तर थकलेल्या अवस्थेत तुम्ही लांबी बदलण्याचे टाळालच. आणि फार सहज उघडत असेल तर झुडपातून जाताना तो अडकून उघडू शकतो. अंगठ्याला जोर जाणवावा पण दुखू नये, इतका कडकपणा योग्य. काही खटक्यांना हाताने फिरवायचा स्क्रू असतो, काहींना अवजार लागते. अनेक दिवसांच्या भटकंतीसाठी हाताने फिरणारा सोयीचा. तसा नसेल तर त्याचे अवजार सॅकमध्ये असलेच पाहिजे.

पोल तीन नळ्यांचे घ्या. असे पोल मिटल्यावर साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरचे होतात आणि सॅकच्या बाजूला नीट बसतात. दोन नळ्यांचे पोल अधिक ताठ आणि भक्कम असतात, पण मिटूनही लांबच राहतात. घडीचे पोल ३५ ते ४० सेंटिमीटरमध्ये मावतात आणि प्रवासात किंवा ज्यांना पोल वारंवार सॅकमध्ये ठेवावे लागतात त्यांना ते सोयीचे पडतात. मात्र त्यांत लांबी बदलण्याची सोय असलीच तरी ती बहुधा २० सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि तुम्हाला नेमका तेवढाच पल्ला लागत असल्याने चुकीला जागाच उरत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारात घ्या: काही हलके तंबू ट्रेकिंग पोलच्याच आधारावर उभे राहतात आणि त्यांना ठरावीक उंचीचा पोल लागतो. तुमचा तंबू तसा असेल, तर त्याला किती लांबी लागते हे पोल घेण्यापूर्वी पाहून ठेवा. ती १२० सेंटिमीटर असेल तर यजमानांचा पोल बरोबर बसेल. १३० असेल तर त्यांचाही पुरणार नाही आणि तुमचाही.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम यावर लोक सर्वांत जास्त बोलतात, पण माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीचे वजन साधारण ५०० ते ६०० ग्रॅम असते, कार्बन फायबरच्या जोडीचे ३५० ते ५०० ग्रॅम. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पोल दिवसभर हाताने उचलून पुढे न्यायचा असतो, आणि वजन हातात असले की ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा लवकर जाणवते. कार्बनमध्ये खडकावर टोक आपटल्याचा हादरा हातापर्यंत कमी पोहोचतो, हाही त्याचा खरा गुण आहे. दोष मोडण्याच्या तऱ्हेत आहे. टोक दोन दगडांच्या फटीत अडकले आणि शरीर पुढे गेले, की पोलवर आडवा ताण येतो. अशा ताणाखाली अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकते. ती सावकाश थोडीफार सरळ करून मुक्कामापर्यंत जाता येते. कार्बनची नळी मोडते, तीही अनेकदा कुठल्याशा जुन्या ओरखड्यापाशी, आणि मोडलेल्या पोलचा पुढे काही उपयोग राहत नाही. ही तुमची पहिली जोडी आहे, टोक कुठे टेकवावे याचा अंदाज अजून बसायचा आहे, पाठीवर ओझे आहे आणि वाटेत दुसरा पोल मिळण्याची शक्यता नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच घ्या. ‘७०७५’ असा आकडा लिहिलेला मिश्रधातू पोलसाठी सर्रास वापरला जातो आणि तो चांगला मजबूत असतो.

स्प्रिंगवाल्या पोलबद्दल थोडक्यात सांगतो. आतल्या स्प्रिंगमुळे टोक आपटल्याचा धक्का मनगटाला आणि कोपराला कमी जाणवतो. ज्यांची मनगटे दुखतात त्यांनी ते वापरून पाहावेत. तुमची तक्रार गुडघ्यांची आहे. गुडघ्यांना आराम पोलवर वजन टाकल्याने मिळतो, आणि वजन टाकताक्षणी पोल थोडा दबणे हे उतारावर सर्वांनाच रुचत नाही. वजन आणि सुटे भाग वाढवण्याइतका त्याचा फायदा तुमच्या बाबतीत मला दिसत नाही.

तळहातांच्या दुखण्याचे मूळ बहुधा पट्ट्यात आहे. मनगटाचा पट्टा पोल हातातून पडू नये म्हणून असतो असे समजून बरेच जण त्यात वरून हात घालतात आणि मग मूठ घट्ट आवळून पोल दाबतात. पट्ट्याचे खरे काम वजन पेलणे हे आहे. पट्ट्याच्या फासात हात खालून वर न्यावा, मग पंजा खाली आणून पट्ट्याच्या दोन्ही पदरांसह मूठ धरावी. असे केले की पट्टा मनगटाच्या मागून येऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून मुठीकडे जातो आणि हात खाली दाबला की वजन पट्ट्यावर येते. बोटे नुसती मुठीभोवती सैल ठेवली तरी पोल सुटत नाही. पट्ट्याची लांबी अशी ठेवा, की वजन पट्ट्यावर असताना तुमचा पंजा मुठीच्या खोबणीतच राहावा, खाली घसरू नये. काही पट्टे डाव्या-उजव्या हाताचे वेगळे असतात, ते तपासा. मुठीचे म्हणाल, तर बुचाच्या लाकडाची मूठ घाम सोसते आणि वापरून हळूहळू हाताच्या आकाराची होते. फोमची मऊ आणि हलकी असते. रबराची थंडीत बरी, पण उष्ण हवेत तिने घर्षण होऊन फोड येतात. तुमचे तळहात लवकर दुखतात, म्हणून पहिल्या दोन्हींपैकी एक घ्या.

पट्ट्यातून हात बाहेर काढायचे प्रसंगही तितकेच लक्षात ठेवा. मोठमोठ्या दगडांच्या राशीतून जाताना, घसाऱ्यावर किंवा ओढा ओलांडताना पोल अडकला आणि माणूस पडला, तर पट्ट्यात गुंतलेल्या हाताचा अंगठा किंवा मनगट मुरगळू शकते. अशा ठिकाणी पट्टे सोडून पोल नुसते हातात धरावेत. जिथे हातांनी धरून चढायचे आहे तिथे पोल मिटवून सॅकला बांधावेत. मनगटाला लोंबकळणारे पोल पायात येतात.

एक की दोन? तुमच्यासाठी दोनच. एका पोलने भार एकाच बाजूला जातो आणि शरीर तिकडे झुकते. दोन पोलांनी तो दोन्ही खांद्यांवर सारखा वाटला जातो. ऑस्ट्रियातील श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचा भार मोजला होता. पोल वापरल्याने त्या भाराची वेगवेगळी मापे १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. हा अभ्यास मोजक्या लोकांवरचा होता, त्यामुळे नेमका तोच फायदा तुम्हाला होईल असे धरून चालू नका. पण तुम्हाला वाटलेला आराम हा भास नव्हता, एवढे त्यावरून म्हणता येते. मात्र पोलमुळे एकूण श्रम वाचतात असे नाही. पायांचे काही काम हात करू लागतात, आणि ज्या हातांना त्याची सवय नाही ते पहिले काही दिवस दुखणारच.

गुडघ्यांना हा आराम मिळण्यासाठी पोल पावलाच्या आधी जमिनीवर पोहोचला पाहिजे. उंच पायरी उतरताना पाहा: आधी थांबा, दोन्ही टोके खालच्या पातळीवर, खांद्यांइतक्या अंतरावर, पक्क्या जागी टेकवा; कोपर किंचित वाकलेले ठेवा; वजन पट्ट्यांवर सोडा आणि मगच पाऊल खाली न्या. पाऊल आधी पडले आणि पोल मागून आला, तर गुडघ्याने सगळा भार आधीच सोसलेला असतो आणि पोल नुसता शोभेला उरतो. टोके फार पुढे टाकली तर शरीर त्यांच्यामागे ओढले जाते, म्हणून ती पावलाच्या थोडीच पुढे असावीत. साध्या उतारावर आणि सपाटीवर डाव्या पायाबरोबर उजवा पोल आणि उजव्या पायाबरोबर डावा, असा चालण्याचा नैसर्गिक क्रम ठेवावा. चढताना टोके शरीराच्या पुढे न टाकता बाजूला किंवा किंचित मागे टेकवून मागे रेटावे.

टोकांबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. रबरी बुचाच्या आतले टोक टंग्स्टन कार्बाइड या कठीण पदार्थाचे असते आणि ते माती-खडकावर चांगले धरते. रबरी बूच पक्क्या रस्त्यावर, वाहनातून नेताना आणि जिथे उघड्या खडकावर ओरखडे उमटण्याची किंवा मऊ वाट उकरली जाण्याची भीती आहे तिथे चढवावे. ओल्या खडकावर ते घसरते का, हे मात्र सांभाळून पाहावे. टोकाच्या वरची लहान चकती नेहमीच्या वाटेला पुरते. बर्फ किंवा खोल चिखल लागणार असेल तरच मोठी चकती बसवा.

एका गोष्टीबद्दल मला तुम्हाला सावध करावेसे वाटते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय आयोगाने असे नमूद केले आहे, की पोल सतत वापरल्याने शरीराची स्वतःची तोल सांभाळण्याची क्षमता मंदावू शकते. त्याच वेळी वाढते वय, सांध्यांचे दुखणे आणि पाठीवरचे जड ओझे ही पोल वापरण्याची योग्य कारणे आहेत, असेही तो आयोग मानतो. तुमच्या बाबतीत ही कारणे उघडच आहेत, म्हणून ट्रेकवर पोल नि:संकोच वापरा; पण पाठीवर ओझे नसलेल्या छोट्या, सोप्या फेऱ्या अधूनमधून पोलांशिवाय करत राहा. आणि गुडघे नुसते उतरतानाच दुखतात, की जिना चढता-उतरताना आणि विश्रांतीतही दुखतात, त्यांना सूज येते का, हे ट्रेकच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. पोलने भार कमी होतो, दुखण्याचे कारण जात नाही.

जोडी घेतल्यावर ती पाच दिवसांच्या ट्रेकलाच पहिल्यांदा बाहेर काढू नका. भरलेली सॅक घेऊन जवळच्याच एखाद्या चढ-उताराच्या वाटेवर निदान तीन-चार वेळा चाला. पोल तीन नळ्यांचा असल्याने वरचा सांधा त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर ठेवा आणि खालच्या सांध्याने तुमची सपाटीची लांबी साधा. पुढे वाटेवर फक्त वरचा, हाताजवळचा सांधाच हलवायचा. तिथे चढ, सपाटी आणि उतार या तीन लांबी तुमच्या खांद्यांना आणि गुडघ्यांना पटेपर्यंत एक-दोन सेंटिमीटरने मागेपुढे करून पाहा. त्या पक्क्या झाल्या की नळीवर वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्टीची अगदी अरुंद खूण करा, म्हणजे पावसात पुसट आकडे शोधत बसावे लागणार नाही. खूण नळीच्या ज्या भागावर खटका आवळतो तिथे येऊ देऊ नका, नाही तर पकड बिघडेल. वरच्या नळीच्या कडेजवळ न चिकटवता थोडी खाली, उघड्या भागावर करा आणि त्यानुसार अंतर लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष ट्रेकवर दररोज सकाळी निघताना आणि प्रत्येक मोठ्या उतारापूर्वी दोन्ही पोलवर एकदा वजन टाकून पाहा, कारण खटके दिवसभराच्या धक्क्यांनी हळूहळू ढिले पडतात. मुक्कामावर पोहोचल्यावर पोल ओले असतील तर नळ्या सुट्या करून पुसा आणि तशाच वाळू द्या; ओल आत राहिली की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट थर धरतो आणि नळ्या एकमेकींत अडकून बसतात. नळ्या सहज सरकाव्यात म्हणून त्यांना तेल मात्र कधीच लावू नका, कारण मग लॉक त्यांना धरू शकणार नाही.